शंका-समाधान : दापोलीच्या विद्यापीठात नेमके काय शिकतात?

बारावीचा निकाल लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रंग बदलतो. एरवी तुडतुड्याबद्दल, सामाईक सातबाऱ्याबद्दल आणि विहिरीच्या पाण्याबद्दल विचारणारी मंडळी अचानक प्रवेश, पदव्या आणि नोकऱ्या यांबद्दल विचारू लागतात. यंदा अशी पत्रे इतकी आली की संपूर्ण सदर त्यांनाच द्यावे असे ठरवले. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : आमच्या मुलीला बारावी विज्ञान शाखेत चांगले गुण आहेत. तिला मुंबईला अभियांत्रिकीसाठी पाठवण्याची आमची तयारी आहे, पण ती दापोलीला कृषी शाखेत जाण्याचा हट्ट धरून बसली आहे. चार वर्षे शिकून शेवटी शेतीच करायची तर ती घरीही करता येईल, असे तिच्या आजोबांचे म्हणणे आहे. आम्ही काय करावे? (एक पालक, गुहागर)

उत्तर : आजोबांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. भात कसा लावायचा हे शिकण्यासाठी गुहागरच्या मुलीला वसतिगृहात राहण्याची गरज नसते. मात्र कृषी पदवी म्हणजे भात लावायला शिकणे नव्हे, आणि दापोलीत केवळ ‘कृषी’ ही एकच पदवी मिळते असेही नाही. दापोलीचे कृषी महाविद्यालय १९६५ चे, म्हणजे विद्यापीठापेक्षा जुने आहे. विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी स्थापन झाले आणि २००१ मध्ये त्याला डॉ. बाळासाहेब सावंत यांचे नाव देण्यात आले. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी राज्यात चार कृषी विद्यापीठे आहेत. त्यांपैकी दापोलीच्या वाट्याला सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधली, तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडूनही एप्रिलमध्ये कोरडी पडणारी आपली चिंचोळी पट्टी आलेली आहे. त्यामुळे येथे कृषीच्या जोडीला उद्यानविद्या, वनशास्त्र, कृषी अभियांत्रिकी आणि मत्स्यविज्ञान या पदव्या आहेत. मत्स्यविज्ञानाचे महाविद्यालय रत्नागिरीजवळ शिरगावला, उद्यानविद्येचे आणखी एक महाविद्यालय कुडाळजवळ मुळद्याला आणि काढणीपश्चात तंत्रज्ञानाची पदव्युत्तर संस्था रोह्याजवळ किल्ल्याला आहे.

आता चार वर्षांत काय होते ते सांगतो. पहिली दोन-अडीच वर्षे मृदाशास्त्र, वनस्पतिशास्त्र, कीटकशास्त्र, संख्याशास्त्र, कृषी अर्थशास्त्र अशा विषयांत जातात, आणि त्या काळात बऱ्याच मुलांना आपण चुकीच्या ठिकाणी आलो असे वाटते. खरी परीक्षा शेवटच्या वर्षी होते. ग्रामीण कृषी कार्यानुभव, म्हणजे मुलांच्या तोंडी ज्याला ‘रावे’ म्हणतात, त्या कार्यक्रमात विद्यार्थ्यांना गटागटाने गावांत पाठवतात, प्रत्येकाला एखाद्या शेतकऱ्याशी जोडून देतात आणि जे पुस्तकात शिकले ते त्या शेतकऱ्यासमोर करून दाखवायला लावतात. अशा एका गटाबरोबर मी स्वतः पावसाळ्याच्या तोंडावर एका वाडीत गेलो होतो. मुली भाताच्या बियाण्याला मिठाच्या पाण्याची प्रक्रिया करून दाखवत होत्या : दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवायचे, त्यात बियाणे ओतून ढवळायचे, जे पोचट दाणे तरंगतील ते काढून टाकायचे, तळाला बसलेले वजनदार बी दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचे. पडवीत बसलेल्या एका आजींनी विचारले, “आमी काय लोनचा घालताव काय?” सगळी वाडी हसली आणि ती मुलगी लालबुंद झाली. मग तिने तरंगलेल्या दाण्यांची मूठ आजींच्या हातावर ठेवली आणि त्यातला एकेक दाणा नखाने फोडून दाखवायला सांगितले. पाच-सहा दाणे रिकामे निघाल्यावर आजींनी आतल्या खोलीतून आपली बियाण्याची कणगी उघडायला सांगितली. आपल्या मुलीला जे शिकायला मिळेल ते साधारण असे असते, आणि ते घरी शिकता येत नाही, कारण घरी तिला कोणी ‘का?’ असे उलट विचारत नाही.

व्यवहाराच्या दोन गोष्टी. प्रवेश राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेवर आणि केंद्रीय पद्धतीने होतात. मत्स्यविज्ञानासाठी जीवशास्त्र आणि कृषी अभियांत्रिकीसाठी गणित लागते, आणि शेतकरी कुटुंबातील मुलांना सातबाऱ्याच्या आधारे गुणांचा अधिभार मिळत आलेला आहे, तेव्हा यंदाच्या माहितीपुस्तिकेतील नियम वाचून तो उतारा आधीच काढून ठेवावा. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. विद्यापीठाची स्वतःची घटक महाविद्यालये आणि विद्यापीठाशी संलग्न असलेली खासगी महाविद्यालये यांत प्रक्षेत्र, प्रयोगशाळा आणि शिक्षक यांचा फरक पडू शकतो. पदवीच्या कागदावर विद्यापीठाचे नाव एकच असते म्हणून तो फरक पालकांच्या लक्षात येत नाही. प्राधान्यक्रम भरण्यापूर्वी त्या महाविद्यालयाला अधिस्वीकृती आहे का ते पाहावे, एकदा तेथे जाऊन यावे आणि इमारत पाहण्याऐवजी गोठा व रोपवाटिका पाहावी.

नोकरीचे म्हणाल तर बँकांमध्ये कृषी अधिकारी, राज्य लोकसेवा आयोगामार्फत कृषी सेवा, बियाणे व निविष्ठा (खते, औषधे) कंपन्या आणि पदव्युत्तर शिक्षण असे रस्ते आहेत. स्वतःची रोपवाटिका काढून चांगले चालवणारे पदवीधरही मी पाहिलेले आहेत. आणि नव्या अभ्यासक्रमानुसार पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र किंवा दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय आहे, त्यामुळे तिचा निर्णय चुकलाच तर चारही वर्षे वाया जाणार नाहीत, एवढे आजोबांना सांगता येईल.

प्रश्न : विद्यापीठाने ‘रत्ना’ आणि ‘सिंधू’ या आंब्याच्या जाती काढल्या, त्याला कित्येक वर्षे झाली. वाशीच्या बाजारात मात्र आजही आमचा हापूसच विकला जातो. मग एवढ्या संशोधनाचा बागायतदाराला नेमका काय उपयोग झाला? रागाने नव्हे, खरोखरच जाणून घ्यायचे आहे म्हणून विचारतो. (एक बागायतदार, देवगड)

उत्तर : रागाने विचारले असते तरी चालले असते. आपला प्रश्न या सदराकडे वेगवेगळ्या शब्दांत वारंवार येतो आणि त्याला जरा सविस्तर उत्तर दिले पाहिजे.

‘रत्ना’ ही नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ मध्ये आली. ‘सिंधू’ ही रत्ना आणि हापूस यांच्या संकरातून १९९२ मध्ये आली आणि तिची कोय इतकी पातळ असते की फळ कापणाऱ्याला क्षणभर ती नाहीच असे वाटते. रत्नाला साका होत नाही, म्हणजे तिचा गर आतून पांढरट आणि स्पंजासारखा होत नाही, आणि ती हापूससारखी एक वर्ष भरभरून फळून दुसऱ्या वर्षी रुसून बसत नाही. हे सगळे गुण असूनही तिने हापूसला बाजारातून हटवले नाही, हे आपले निरीक्षण बरोबर आहे. त्याचे कारण शास्त्रात नसून गिऱ्हाइकाच्या जिभेत आणि नावाच्या मोलात आहे. २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामुळे त्या नावाची किंमत आणखी पक्की झाली, आणि त्या मानांकनासाठी अर्ज करणाऱ्यांत हे विद्यापीठही होते. म्हणजे ज्या संस्थेने हापूसला पर्याय शोधला तिनेच हापूसचे नावही राखले. मला यात विसंगती वाटत नाही. कुरकुर करणारे मात्र भेटतात.

पण संशोधन म्हणजे केवळ नवी जात, ही समजूतच मुळात बाजूला ठेवावी. आपल्या बागेतली कलमे कोणत्या पद्धतीची आहेत, ते आपल्या वडिलांना विचारावे. जुन्या बागांतले हापूस हे भेटकलमाचे आहेत. त्यासाठी रायवळाचे, म्हणजे कोयीपासून वाढणाऱ्या साध्या आंब्याचे, रोप कुंडीत वाढवून ती कुंडी माच बांधून हापूसच्या फांदीपर्यंत उचलावी लागे, दोघांची साल तासून एकत्र बांधावी लागे आणि मग जोड एकजीव होईपर्यंत कित्येक आठवडे त्या कुंडीला पाणी घालत राहावे लागे. एका झाडावर अशी कलमे होऊन होऊन किती होणार? कोय कलमाने हे गणित बदलले. पावसाच्या सुरुवातीला रायवळाच्या कोयी रुजत घालायच्या, रोपाचा देठ अजून तांबूस आणि कोवळा असताना, म्हणजे रुजल्यावर साधारण दहा-पंधरा दिवसांत, त्याचा शेंडा छाटायचा, देठाला उभा काप द्यायचा आणि हापूसची पाने आधीच काढून तयार केलेली काडी पाचरीसारखी तासून त्यात बसवायची. वर पॉलिथिनची पट्टी गुंडाळली की काम झाले. कोकणातल्या जुलैच्या दमट हवेत हा जोड भराभर धरतो. ही पद्धत आपल्या हवामानात बसवून, तिच्या वेळा आणि काडीचे वय ठरवून ती रोपवाटिकांपर्यंत नेण्याचे काम या विद्यापीठाने केले. १९९० मध्ये रोजगार हमी योजनेतून फळबाग लागवड सुरू झाली तेव्हा लाखोंनी कलमे लागणार होती. भेटकलमावर विसंबलो असतो तर ती योजना कागदावरच राहिली असती, असे माझे मत आहे.

काजूचे उदाहरण तर आपल्या घराजवळचे आहे. वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्रातून वेंगुर्ला-१ पासून पुढे एकामागून एक जाती निघाल्या. वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या तर घरोघरी माहीत आहेत. वेंगुर्ला-७ ची बी सुमारे दहा ग्रॅमची असते, म्हणजे शंभर बियांत किलो भरतो. गावठी काजूच्या लहान बिया किलोला किती लागतात ते आपण जाणताच. बी मोठी असली की फोडणाऱ्या बाईचा वेळ वाचतो आणि गराचा दर्जाही चांगला मिळतो. आंब्याच्या बाबतीत जातीने न झालेले काम काजूच्या बाबतीत जातीनेच झाले, कारण काजूला हापूससारखे नावाचे ओझे नव्हते.

आपल्याकडे बांबूच्या काठीला जाळी आणि पाते लावलेला जो झेला आहे, ज्याने फळ देठासकट उतरते आणि डिंक फळावर ओघळत नाही, तो ‘नूतन झेला’ही याच विद्यापीठाचा. मोहोर लवकर आणि नियमित यावा म्हणून पॅक्लोब्युट्राझॉल झाडाच्या विस्ताराच्या प्रमाणात, दर मीटर व्यासाला पाऊण ग्रॅम क्रियाशील घटक या मात्रेने, जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत मुळांजवळ द्यायची शिफारसही तिथलीच आहे. तिचा अतिरेक करून झाडे थकवण्याचा उद्योग मात्र आपण बागायतदारांनी स्वतः केला, त्याचा दोष संशोधकांना देता येणार नाही.

राहता राहिला साका. फळ बाहेरून सुंदर आणि कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा गर, ही फसवणूक गिऱ्हाईक विसरत नाही. याचा अभ्यास दापोलीपुरता मर्यादित नाही. फळ पिकण्याच्या काळात आतली कोय रुजण्याच्या मार्गाला लागते आणि त्याचा गरावर परिणाम होतो, असे बेंगळुरूच्या उद्यानविद्या संशोधन संस्थेतील अभ्यासातून पुढे आले, तर तापलेल्या जमिनीतून वर येणारी उष्णता हेही एक कारण मानले गेले आहे. म्हणून झाडाखाली पालापाचोळ्याचे आच्छादन ठेवा, उतरवलेले फळ उन्हात जमिनीवर पसरू नका आणि चौदा आणे तयार झाल्यावर उतरवा, सोळा आण्यांची वाट पाहू नका, असे सांगितले जाते. आपले आजोबा ‘चौदा आणे’ म्हणत आणि प्रयोगशाळा ‘पंच्याऐंशी टक्के पक्वता’ म्हणते. दोघांचा हिशेब इतका जवळ यावा याची मला गंमत वाटते.

प्रश्न : आमचा परंपरागत मासेमारीचा धंदा आहे. मुलगा शिरगावच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात जायचे म्हणतो. समुद्र आम्ही त्याला लहानपणापासून दाखवला आहे. तिथले शिक्षक त्याला आमच्यापेक्षा वेगळे काय शिकवणार? (एक मच्छीमार, हर्णै)

उत्तर : उधाण कधी, भांग कधी, वारा कुठून फिरला की बंदरात परतायचे, पाण्याचा रंग पाहून बांगडा कुठे असेल, हे आपल्याइतके कोणीही शिकवणार नाही, आणि तसा दावा करणारा शिक्षक भेटला तर मुलाने त्याच्यापासून दूर राहावे.

महाविद्यालय १९८१ चे आहे आणि पदवी चार वर्षांची. तेथे जे शिकवतात ते जाळे पाण्याबाहेर आल्यानंतरचे, आणि जाळे टाकण्याच्या खूप आधीचे असते. एक लहान उदाहरण घ्या. घोळ किंवा ढोमा कापताना डोक्यातून पांढरा खडा निघतो, तो आपल्या घरातल्या बायकांनी हजारदा फेकला असेल. त्या खड्यावर झाडाच्या खोडासारखी वलये असतात, तो पातळ घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की माशाचे वय वाचता येते. सापडणारे मासे दर वर्षी लहान वयाचे निघू लागले तर पुढच्या काही वर्षांत धंद्याचे काय होणार हे त्यातून आधीच कळते. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारी बंदी, जाळ्याच्या आसाचे नियम, एलईडी दिव्यांच्या मासेमारीला मनाई, या सगळ्यामागे अशाच नोंदी असतात. बंदरावर त्या नोंदींबद्दल जे वाद होतात, त्यात आपल्या समाजाच्या बाजूने आकडे वाचू शकणारा माणूस असणे मला फार गरजेचे वाटते. आज बहुतेक वेळा आकडे एका बाजूला असतात आणि अनुभव दुसऱ्या बाजूला.

दुसरा भाग पैशाचा आहे. मासळीच्या वजनाइतकाच बर्फ वापरावा हा साधा नियम शिकवायला पदवी लागत नाही, पण निर्यातीसाठी माल का परत येतो, प्रक्रिया केंद्रात पाण्याची, जंतूंची आणि तापमानाची तपासणी कशी करतात, हे ठाऊक असलेल्या माणसाला प्रक्रिया उद्योगात मागणी असते. खाजणातल्या खाऱ्या पाण्यात जिताडा किंवा कोळंबी वाढवायची, तिचे बीज तयार करायचे, शोभेचे मासे पैदा करायचे, हा तिसरा मार्ग. पुढे शिकायचे झाल्यास मुंबईला वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे, जी १९६१ पासून चालू असून तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे.

एकच सावधगिरी सांगतो. पदवी घेतल्यावर मुलगा होडीवर परत येईल अशी खात्री धरू नये. आला तर उत्तम. न आला तर त्याला दोष देऊ नये.

प्रश्न : मी पदव्युत्तर कृषी अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाला आहे. प्रबंधाचा विषय निवडायचा आहे. आधीच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध ग्रंथालयात धूळ खात पडलेले दिसतात. आपलेही तेच होणार असेल तर एवढा खटाटोप कशासाठी? (एक विद्यार्थिनी, दापोली)

उत्तर : धूळ प्रबंधाच्या पुठ्ठ्यावर बसते. त्यातल्या आकड्यांचा प्रवास बहुतेक वेळा वेगळ्या रस्त्याने चालू असतो. एका विद्यार्थ्याच्या दोन हंगामांच्या प्रयोगावरून कोणतीही शिफारस निघत नाही. त्याच विषयावर वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या केंद्रांवर झालेली कामे एकत्र येतात आणि मग चारही कृषी विद्यापीठांच्या वार्षिक बैठकीत, जिला सगळे ‘जॉइंट ॲग्रेस्को’ म्हणतात, ती जात, ते औजार किंवा ती शिफारस चर्चेला येते. तेथे इतर विद्यापीठांचे शास्त्रज्ञ ती उलटीसुलटी तपासतात आणि सहजासहजी मान्य करत नाहीत. शेतकऱ्याच्या हातात पडणाऱ्या कृषी दैनंदिनीतले एक वाक्य अशा कित्येक प्रबंधांतून गाळून आलेले असते. शिवाय आता प्रबंध ‘कृषिकोश’ या देशव्यापी संग्रहात संगणकावर पाहता येतात, तेव्हा विषय ठरवण्यापूर्वी तेथे दोन संध्याकाळी घालवाव्यात. आपल्याला सुचलेला ‘नवा’ विषय तीन जणांनी आधीच केलेला असतो, हे कळणे त्या वेळी क्लेशदायक आणि पुढे फार उपकारक ठरते.

विषय निवडताना प्रयोगाची जमीन पाहून निवडा. आपल्या जांभ्या दगडाच्या उतारावर वरच्या बाजूला वीतभर माती आणि खालच्या बाजूला हातभर माती असते. प्रयोगाचे गट त्या उताराचा विचार न करता आखले तर खताचा परिणाम म्हणून आपण जे मोजतो तो प्रत्यक्षात मातीच्या खोलीचा परिणाम निघतो. संख्याशास्त्राच्या तासाला हे सगळे पाठ असते, पण खुंट्या ठोकताना विसरले जाते.

आणि प्रयोग फसला तर तो लिहावा. माझ्या पदव्युत्तर प्रयोगातली जवळजवळ निम्मी कलमे एका पावसाळ्यात कुजली, कारण मी पिशव्यांना पुरेशी भोके पाडली नव्हती. मी ती गोष्ट झाकायच्या विचारात होतो. मार्गदर्शकांनी ती ‘निरीक्षणे’ या प्रकरणात सविस्तर लिहायला लावली, आणि पुढे काही वर्षांनी एका रोपवाटिकाचालकाने माझ्या प्रबंधातला नेमका तेवढाच परिच्छेद मला वाचून दाखवला. बाकीचा प्रबंध त्याने उघडलाही नव्हता.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या दारात दर वर्षी यशस्वी विद्यार्थ्यांचे मोठे फलक लागतात. ‘आविष्कार’ संशोधन स्पर्धेत भाग घेतला तर खरोखर काही मिळते का, की तेही फलकापुरतेच? कोकणातल्या विद्यार्थ्यांनी पूर्वी काही मोठे यश मिळवले आहे का? (एक विद्यार्थी, रत्नागिरी)

उत्तर : ‘आविष्कार’ ही राज्यातल्या विद्यापीठांमधली संशोधन स्पर्धा आहे आणि तिच्यात कृषीपासून भाषा-साहित्यापर्यंत सर्व शाखांना जागा असते. पारितोषिकापेक्षा तिचा एक फायदा मोठा आहे : आपण वर्षभर केलेले काम अनोळखी परीक्षकासमोर थोडक्या मिनिटांत सांगावे लागते आणि त्याच्या प्रश्नाला ‘माहीत नाही’ असे म्हणण्याचा सराव होतो. मात्र महिनाभर आधी घाईने विषय ठरवून, दुकानातून छापून आणलेल्या तक्त्यावर केलेले काम परीक्षकाला दुसऱ्याच प्रश्नात ओळखू येते. आपल्याजवळ एखादा साधा, खरा प्रश्न असेल, जसे की आपल्या गावातल्या विहिरी कोणत्या महिन्यात किती खारट होतात, तर वर्षभराच्या नोंदी ठेवून तोच घ्यावा.

पूर्वीच्या यशाबद्दल विचारता, तर एकट्या दापोली तालुक्याकडे पाहिले तरी पुरे. अंजर्ल्याजवळच्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत सीनियर रँग्लर, म्हणजे पहिले, आले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. त्यानंतर ते परदेशात न राहता फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवायला परत आले. भारतरत्न पां. वा. काणे यांचे शालेय शिक्षण दापोलीच्या मिशन हायस्कुलात झाले. धर्मशास्त्राच्या इतिहासाचा त्यांचा पाच खंडांचा ग्रंथ १९३० पासून १९६२ पर्यंत प्रसिद्ध होत राहिला आणि १९६३ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले.

पण मला सर्वांत जवळची वाटते ती मुरुडच्या धोंडो केशव कर्वे यांची हकिगत. १८७५ मध्ये परीक्षेला बसण्यासाठी ते कुंभार्ली घाट चढून साताऱ्यापर्यंत चालत गेले. तेथे परीक्षा समितीने त्यांच्याकडे पाहिले, हा मुलगा सतरा वर्षांचा वाटत नाही असे म्हटले आणि त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. तेवढेच अंतर त्यांना परत यावे लागले. पुढे १९१६ मध्ये भारतातले पहिले महिला विद्यापीठ याच माणसाने उभे केले. त्या वर्षी मुरुडात कोणी फलक लावला असता, तर त्यावर काय लिहिले असते?

प्रश्न : कृषी अभियांत्रिकी दापोलीला करावी की लोणेऱ्याच्या बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात दुसरी एखादी शाखा घ्यावी? (एक विद्यार्थी, महाड)

उत्तर : दोन्हींची तुलना करण्यात अर्थ नाही. लोणेऱ्याचे विद्यापीठ १९८९ चे, महामार्गावरचे, आणि तेथे संगणक, रसायन, यंत्र अशा शाखा आहेत. त्यांतली एखादी मनापासून आवडत असेल तर महाडहून तेच जवळ पडते. दापोलीच्या कृषी अभियांत्रिकीत मृद व जलसंधारण, शेती यंत्रे, प्रक्रिया अभियांत्रिकी हे विषय येतात. ओढ्यातले दगड आणि प्लॅस्टिकचा कागद वापरून बांधायचा ‘कोकण विजय बंधारा’ किंवा डोंगरउतारावर कलमांसाठी खड्ड्यात पाणी साठवणारे ‘जलकुंड’ यांसारखी कामे पाहून ज्याला ‘हे मी आणखी चांगले करीन’ असे वाटते, त्याने तिकडे जावे. संगणकाला प्रवेश मिळाला नाही म्हणून जाऊ नये.

प्रश्न : आमच्या माध्यमिक शाळेतल्या नववीच्या मुलांना विद्यापीठ दाखवायचे आहे. कधी आणि काय दाखवावे? (एक शिक्षिका, लांजा)

उत्तर : सहली डिसेंबरात नेण्याची आपली पद्धत आहे, पण त्या वेळी मुलांना हिरवळ आणि इमारती एवढेच दिसते. शक्य असेल तर जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात, पाऊस अंगावर घेऊन न्यावे, कारण कलमे बांधण्याचे काम तेव्हा चालू असते आणि एक सराईत माळी किती वेगाने पाचर बसवतो हे पाहताना मुले बोलायचे थांबतात. लांज्याहून दापोली लांब पडते. रत्नागिरीत भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्र आणि झाडगावचे सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र ही दोन्ही एका दिवसात होतात. दुसऱ्या ठिकाणी मत्स्यालय आहे आणि देवमाशाचा प्रचंड सांगाडा ठेवलेला आहे. त्याच्यासमोर मुलांना अर्धा तास द्यावा, मार्गदर्शकाचे भाषण नंतर ठेवावे. केंद्रप्रमुखांना पंधरा दिवस आधी मुलांच्या संख्येसह लेखी कळवावे, आणि मुलांना छत्र्यांऐवजी इरली किंवा रेनकोट आणायला सांगावे, कारण कलमांच्या वाफ्यांमधून चाळीस उघड्या छत्र्या जाऊ शकत नाहीत.